पवळ्याला तिथं बांधलं कोणी?

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला ही म्हण मराठी घरात बहुतेक वेळा पोराच्या मित्रांबद्दल कुरकुरताना निघते, आणि कुरकुरणाऱ्याचं पोर त्यात नेहमी पवळ्या असतं. संगतीचा परिणाम होतो हे सिद्ध करायला संशोधन लागतं असं कुणाला वाटत नाही. तरी गेल्या काही दशकांत मानसशास्त्रज्ञ आणि साथरोगशास्त्रज्ञ नेमकं हेच मोजायला बसले आहेत. शाळेतल्या सोबत्यांचा परिणाम मनाच्या आरोग्यावर पुढे तिशी-चाळिशीपर्यंत उरतो का, उरत असेल तर किती, आणि तो कोणत्या वाटेनं पोचतो? प्रश्न हौसेचा नाही. अमेरिकेत रोनाल्ड केसलर यांनी २००५मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या पाहणीनुसार आयुष्यात कधीही होणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांशांची चोविसाव्या वर्षापर्यंत झालेली असते. आपल्याकडे निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. मूल घरापेक्षा मित्रांच्या नजरेत अधिक जगतं, ते हेच वय. या सगळ्या पुराव्याचा आढावा घेताना मला असं दिसतं, की म्हणीतला ‘गुण लागला’ हा भाग आपण समजतो तेवढा मोठा नाही. ज्याच्याकडे आपलं लक्षच जात नाही तो ‘बांधला’ हा शब्द मात्र बराच मोठा आहे.

सर्वांत गाजलेला पुरावा फिनलंडचा. हेलसिंकीच्या संशोधकांनी १९८५ ते १९९७ या काळात जन्मलेल्या ७,१३,८०९ जणांच्या सरकारी नोंदी तपासल्या आणि २०२४मध्ये निष्कर्ष मांडले. नववीपर्यंत ज्यांना मानसिक विकाराचं निदान झालेलं होतं असे ४७,४३३ जण त्यांनी बाजूला काढले आणि उरलेल्यांचा पुढे साधारण अकरा वर्षं माग काढला. या उरलेल्यांपैकी सुमारे २५ टक्क्यांना पुढे कधीतरी कुठल्या ना कुठल्या विकाराचं निदान झालं. ज्यांच्या वर्गात निदान झालेली एकाहून अधिक मुलं होती, त्यांचा धोका इतरांपेक्षा ५ टक्क्यांनी जास्त निघाला. पहिल्याच वर्षाकडे पाहिलं तर हा फरक १८ टक्के होता, आणि निदान झालेलं एकच मूल वर्गात असेल तर ९ टक्के. नैराश्य, चिंताविकार आणि खाण्याचे विकार यांच्या बाबतीत संबंध अधिक ठळक होता. जगभरच्या वृत्तपत्रांनी यातून ‘मानसिक आजार संसर्गजन्य’ असा मथळा काढला. आकडा जरा हातात घेऊन पाहिला तर तो मथळा सैल पडतो. पाच टक्क्यांची ही वाढ सापेक्ष आहे. ढोबळमानानं सांगायचं तर शंभरातल्या पंचवीस जणांच्या जागी सव्वीस जण आजारी पडतात. एका मुलापुरता हा फरक नगण्य म्हणावा असाच आहे. पण सात लाख मुलांत शेकडा एक म्हणजे काही हजार माणसं होतात. मुलाचा बाक बदलायचा की नाही हे या आकड्यावरून आईबापांनी ठरवू नये. शिक्षणखात्याला मात्र तो दुर्लक्षून चालणार नाही.

या पुराव्यावरचा पहिला आक्षेप जुना आणि दमदार आहे. सारखी माणसं एकमेकांना शोधत येतात. उदास मुलाला उदास मित्र मिळाला म्हणजे एकानं दुसऱ्याला उदास केलं असं होत नाही. दुसरा आक्षेप त्याला लागूनच येतो. दोघांवर एकच छत आहे, एकच तापट वर्गशिक्षक आहे, दोघांच्या गावातला एकच कारखाना बंद पडला आहे. मग मित्राला दोष कशाला? हे आक्षेप किती गंभीर आहेत हे २००८मध्ये ईथन कोहेन-कोल आणि जेसन फ्लेचर यांनी फार मिस्कीलपणे दाखवून दिलं. मित्रांच्या जाळ्यातून लठ्ठपणा, सिगारेट, आनंद असं काय काय पसरतं ते सांगणारे अभ्यास तेव्हा ओळीनं येत होते. या दोघांनी तशीच पद्धत अमेरिकी शाळकरी मुलांच्या आकडेवारीला लावली आणि मुरमं, डोकेदुखी, इतकंच काय उंचीदेखील मित्राकडून मित्राला ‘लागते’ असं उत्तर काढून दाखवलं. शाळेचा आणि परिसराचा समान परिणाम हिशेबात धरताच ते संबंध विरून गेले. उंच मित्राशेजारी बसून कुणी उंच होत नाही, एवढं तरी आपण सगळे मान्य करू. त्यामुळे संगतीबद्दलचा कुठलाही अभ्यास हाती आला की आधी विचारावं : सोबती निवडलेले होते की वाट्याला आलेले? फिनलंडच्या अभ्यासाचं बळ इथं आहे. तिथं वर्गमित्र हे मुलानं निवडलेले मित्र नसतात. राहत्या भागावरून शाळा आणि शाळेच्या सोयीनं वर्ग ठरतो. शाळेचे, वस्तीचे आणि आईवडिलांच्या आजारांचे घटक वजा केल्यावरही थोडासा परिणाम उरला. थोडासाच उरला, म्हणूनच मला तो खरा वाटतो.

तिसरा आक्षेप मात्र सहजी परतवता येत नाही. निदान म्हणजे आजार नव्हे. निदान म्हणजे कुणीतरी डॉक्टरकडे गेलं. वर्गातली एक मुलगी उपचार घेते हे कळल्यावर दुसरीची भीड चेपते आणि तीही जाते. तसं असेल तर पसरला तो आजार नव्हे, मदत मागण्याचा धीर पसरला. पहिल्याच वर्षी फरक सर्वांत मोठा दिसतो, हे या शंकेला पोषकच आहे. माझ्या मते नोंदींवरच्या अभ्यासातून या दोन शक्यता वेगळ्या करता येत नाहीत, आणि करण्याचा आव आणू नये. त्यासाठी लक्षणं विचारणारे अभ्यास पाहावे लागतात. एडवर्ड हिल आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये अमेरिकेतल्या किशोरवयीनांच्या मैत्रीच्या जाळ्याचं विश्लेषण केलं, तेव्हा नैराश्य पसरताना दिसलं नाही. पसरताना दिसली ती बरी मनःस्थिती. मन ठीक असलेले पुरेसे मित्र असतील तर नैराश्यात जाण्याची शक्यता घटते आणि त्यातून बाहेर येण्याची वाढते, असा तो निष्कर्ष. म्हणजे सोबत लस म्हणूनही काम करते. ‘बिघडवणाऱ्या संगती’च्या आपल्या कल्पनेत ही बाजू जवळजवळ नसतेच.

मग लागतं ते नेमकं काय? इथं प्रयोगशाळेतलं काम उपयोगी पडतं. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५मध्ये ३०६ जणांना गाडी चालवण्याचा एक संगणकी खेळ खेळायला दिला. सोबत मित्र असताना किशोरवयीनांनी एकटं खेळतानापेक्षा कितीतरी जास्त धोके पत्करले. चोवीस वर्षांपुढच्यांवर मित्रांच्या असण्याचा फारसा परिणाम झाला नाही. म्हणजे मित्र काही शिकवत नाही, तो नुसता सोबत असतो, आणि तेवढ्यानं धोक्याचा हिशेब बदलतो. ऑरेगनमधल्या थॉमस डिशन यांनी मुलांच्या जोड्यांच्या गप्पा चित्रित केल्या होत्या. नियम मोडण्याचा विषय निघाला की समोरचा हसायचा, आणि ज्यांच्या गप्पांत असं हसू जास्त होतं ती मुलं पुढच्या वर्षांत व्यसनं आणि मारामाऱ्या यांकडे अधिक वळली. त्यांना कुणी आग्रह केला नव्हता की आव्हान दिलं नव्हतं. मित्र हसला, एवढंच. मुलींच्या बाबतीत अमांडा रोझ यांनी एक वेगळी गोष्ट नोंदवली. जिवाभावाच्या मैत्रिणी एकच दुःख तासन् तास चघळतात, तेव्हा मैत्री घट्ट होते आणि त्याच वेळी उदासीही वाढते. २००७च्या त्यांच्या अभ्यासात मुलग्यांची मैत्री तेवढी वाढली, उदासी नाही. मैत्रीची ऊब आणि मनाचं दुखणं एकाच तव्यावर भाजून निघावं, हे निरीक्षण मला या साऱ्या साहित्यातलं सर्वांत अस्वस्थ करणारं वाटतं. ‘मन मोकळं कर’ हा सल्ला आपण किती निर्धास्तपणे देतो.

पण आयुष्यभर उरणारा परिणाम शोधायचा तर गुण लागण्यापेक्षा वाळीत पडण्याकडे पाहावं लागतं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरातल्या मुलांच्या दीर्घ अभ्यासात तेराव्या वर्षी वारंवार छळ सोसलेल्या ६८३ जणांपैकी १४.८ टक्के अठराव्या वर्षी नैराश्यात होते. छळ न झालेल्या १,७६९ जणांत हे प्रमाण ५.५ टक्के होतं. ब्रिटनमध्येच १९५८ सालच्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा माग पन्नाशीपर्यंत काढला गेला आहे. सात आणि अकरा वर्षांच्या वयात, म्हणजे किशोरवयाच्या उंबरठ्यावर, सोबत्यांनी छळलेल्यांमध्ये पन्नाशीतही नैराश्य आणि चिंता जास्त होती, आणि अडीअडचणीला धावून येणारी माणसं कमी होती. चाळीस वर्षांनी! इथं चौथा आक्षेप उभा राहतो : जी मुलं जात्याच नाजूक मनाची असतात तीच छळणाऱ्यांच्या डोळ्यांत भरतात, आणि तीच पुढे आजारी पडतात, छळ हा केवळ साक्षीदार. हा आक्षेप तपासायला जुळी भावंडं फार कामाला येतात, कारण घर एक आणि जनुकं एकसारखी किंवा अर्धी सारखी असताना एकाचा छळ झाला, दुसऱ्याचा झाला नाही, अशी तुलना करता येते. जाँ-बाप्तिस्त पिंगो यांच्या गटानं २०१७मध्ये ११,१०८ जुळ्यांवर ती केली. अकराव्या वर्षीच्या छळाचा चिंतेवरचा थेट परिणाम दोन वर्षांनी टिकून होता, पाच वर्षांनी मात्र दिसेनासा झाला. पाच वर्षांनी उरलं ते थोडंसंच : लोक आपल्याविरुद्ध काहीतरी रचतायत असा संशय, आणि विचारांची विस्कळीतता.

हा निकाल ज्याला जसा हवा तसा वाचला जातो. छळाला ‘पोरखेळ’ म्हणणारे पाच वर्षांनी परिणाम ओसरतो एवढंच सांगतात. मला त्यात दोन गोष्टी दिसतात. एक, बहुतेक मुलं सावरतात, आणि हे मोठ्यानं सांगायला हवं. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या १,९४३ मुलांच्या अभ्यासातही किशोरवयातला त्रास एकदाच आणि सहा महिन्यांच्या आत आटोपला असेल, तर निम्म्याहून अधिक जणांना तरुणपणी तो पुन्हा झाला नाही. दुसरी गोष्ट, जो संशय उरतो तो सामाजिक आहे. माणसांवरचा विश्वास उडालेला तरुण नव्या ओळखी करायला कचरतो, मग एकटा पडतो, आणि एकटेपणातून पुढचे आजार येतात. ब्रिटनमधल्या पन्नाशीच्या माणसांकडे आधाराची माणसं कमी होती, त्याचा माग कदाचित इथं लागतो. छळाची जखम भरली तरी माणसांकडे बघण्याची रीत बदललेली राहते, असा माझा तर्क. जुळ्यांच्या अभ्यासानं तो सिद्ध झालेला नाही, पण खोडलाही गेलेला नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातल्या जोसेफ ॲलन यांच्या गटानं १६९ मुलांना पंधराव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत पाहिलं, त्याचंही सूत्र याला जुळतं. ज्यांना पंधराव्या वर्षी एक तरी घट्ट मित्र होता, ते पंचविशीत कमी चिंतेत, कमी उदास आणि स्वतःबद्दल बऱ्या मताचे निघाले. वर्गात भाव खाऊन जाणाऱ्यांना लोकप्रियतेचा असा लाभ झाला नाही. उलट चारचौघांत वावरण्याची चिंता त्यांच्यात वाढलेली आढळली.

आता ‘वाणा’कडे येऊ. म्हण म्हणते वाण, म्हणजे जन्मानं आलेलं ते, लागत नाही. जेसिका साल्वातोरे आणि सहकाऱ्यांनी २०२४मध्ये स्वीडनमधल्या नोंदींवरून जे दाखवलं, ते म्हणीच्या पुढचं आहे. १९८० ते १९९८ दरम्यान जन्मलेल्या पंधरा लाखांहून अधिक लोकांच्या नातेवाइकांचे आजार तपासून प्रत्येकाचा आनुवंशिक कल त्यांनी आजमावला. मग किशोरवयातले शेजारी आणि शाळासोबती कोण होते ते जुळवलं. सोबत्यांच्या घराण्यात व्यसन, नैराश्य किंवा चिंताविकार यांचा कल जास्त असेल, तर त्या माणसाला स्वतःला मोठेपणी तोच विकार होण्याची शक्यता वाढलेली दिसली. विशेष म्हणजे ते सोबती स्वतः आजारी पडले होते की नाही हे हिशेबात घेतल्यावरही संबंध टिकून राहिला. शेजाऱ्याचा वाण अंगाला लागत नाही, पण त्याच्या वाणाचा गुण लागू शकतो, असं काहीतरी. परिणाम व्यसनांमध्ये मोठा होता, नैराश्य आणि चिंतेत लहान. यावरही शंका घेता येते : घराण्यात व्यसन असलेली कुटुंबं एकाच वस्तीत राहत असतील, तर मोजलं गेलं ते जनुक की वस्तीतलं दारूचं दुकान? शंका रास्त आहे. पण शेजाऱ्यांपेक्षा शाळासोबत्यांचा परिणाम मोठा निघाला, हे वस्तीच्या स्पष्टीकरणात पूर्ण बसत नाही. आणि सर्वांत जोरदार परिणाम कुठे? सोळा ते एकोणीस या वयात, एकाच शाळेत, आणि तिथंही व्यावसायिक किंवा महाविद्यालयाकडे नेणाऱ्या एकाच शाखेत शिकणाऱ्यांमध्ये.

तपशील किरकोळ वाटतो, पण माझ्या मते सगळा विषय इथं वळतो. शाखा ही काही मैत्री नव्हे. ती व्यवस्थापनाची गोष्ट आहे. कोण कुणाशेजारी दिवसाचे सात तास बसेल हे मुलं ठरवत नाहीत, मोठी माणसं ठरवतात, आणि ठरवून विसरून जातात. आपल्याकडे ‘अ’ तुकडीपासून ‘ड’ तुकडीपर्यंत उतरंड लावण्याची रीत किती जुनी आहे, आणि ‘ड’ तुकडीतली मुलं बिघडली की आपण त्यांच्या संगतीला किती सहज नावं ठेवतो! संगत तर शाळेनंच जून महिन्यात यादी लावून जमवलेली असते. ज्युडिथ रिच हॅरिस यांनी १९९८मध्ये ‘द नर्चर अझम्प्शन’ या पुस्तकात आईबापांच्या वळणापेक्षा सोबत्यांचा गट मुलाला घडवतो असं ठासून मांडलं, तेव्हा पालक दुखावले. मलाही त्यांचं म्हणणं टोकाचं वाटतं. घरातली मारहाण किंवा माया यांचे परिणाम असे पुसता येत नाहीत. पण त्या वादात दोन्ही बाजूंनी शाळेला मोकळं सोडलं.

याला उलटं उत्तर येऊ शकतं : मग आजारी मुलांना वेगळं बसवा, म्हणजे इतरांना धोका नको. फिनलंडच्या आकड्यांवरून कुणी हा सल्ला काढेल अशी भीती मला खरोखरच वाटते. इतिहास त्याच्या साफ विरुद्ध आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली केंब्रिज-सॉमरव्हिल या नावानं मुलं वांड होऊ नयेत म्हणून एक सद्हेतूचा कार्यक्रम सुरू झाला : घरी येणारे सल्लागार, शिकवण्या, उन्हाळी शिबिरं. जोन मॅककॉर्ड यांनी तीस वर्षांनी त्या मुलांना गाठलं, तेव्हा मदत मिळालेल्यांची गत मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाली. दारूचं व्यसन आणि गंभीर मानसिक आजारही त्यांच्यात जास्त. नुकसान प्रामुख्यानं कुणाचं झालं? ज्यांना एकाहून अधिक वेळा शिबिराला पाठवलं होतं त्यांचं. अडचणीतल्या मुलांची मोट बांधली की ती एकमेकांच्या हशावर वाढतात. सरसकट सगळ्या वर्गाला मनाचे धडे देणं हा दुसरा सोपा उपाय, तोही फसलेला आहे. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या प्रयोगात सुमारे निम्म्यांना सजगतेचे धडे दिले गेले; २०२२मध्ये निकाल आला तेव्हा नेहमीच्या शिकवणीपेक्षा काही लाभ दिसला नाही.

लाभ दिसला तो बिहारमध्ये. गोव्याच्या ‘संगत’ या संस्थेनं नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहर’ नावाचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१८मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. काही शाळांत कार्यक्रम चालवायला स्थानिक, मानसोपचाराची पदवी नसलेली पण प्रशिक्षण दिलेली माणसं नेमली. काहींत तोच कार्यक्रम शाळेच्याच शिक्षकाकडे दिला. उरलेल्यांत नेहमीचं चालू ठेवलं. कार्यक्रमात वैयक्तिक समुपदेशन होतं, पण भर होता तो शाळेच्या एकूण वातावरणावर : तक्रारपेटी, भित्तिपत्रक, मुलांचे गट, छळ आणि हिंसेबद्दलचे नियम. नेमलेल्या माणसांच्या शाळांत वातावरण लक्षणीय सुधारलं, छळ घटला आणि नैराश्याची लक्षणंही घटली. शिक्षकाकडे सोपवलेल्या शाळांत, तोच कार्यक्रम असूनही, काहीच फरक पडला नाही. मला याचं आश्चर्य वाटत नाही. गुण देणाऱ्या, नापास करणाऱ्या, घरी फोन लावणाऱ्या माणसाच्या पेटीत तक्रार कोण टाकेल? प्रयोगात त्या बाहेरच्या माणसाला ‘सेहर मित्र’ म्हणत, आणि नाव नेमकं होतं. मुलांच्या मैत्र्या कुणी बदलल्या नाहीत. ती ज्या दावणीला बांधलेली होती ती दावण बदलली.

‘पाश्चात्त्य संशोधन आपल्याला काय कामाचं’ या आक्षेपाला नालंदा हे एक उत्तर आहे, पण अर्धंच. फिनलंड-स्वीडनसारख्या जन्मापासून जोडलेल्या नोंदी आपल्याकडे नाहीत, त्यामुळे एखादी तुकडी वीस वर्षांनी कुठे पोचली हे इथं मोजता येत नाही. आणि आपली दावण आता शाळेत राहिलेलीही नाही. अकरावी-बारावीतली मुलं क्लासच्या बॅचमध्ये, त्यासाठी घेतलेल्या खोलीवर किंवा वसतिगृहात दिवस काढतात. चाचणी परीक्षेच्या गुणांवरून ‘स्टार बॅच’ आणि बाकीच्या बॅचेस पाडल्या जातात, म्हणजे निराश मुलं निराश मुलांशेजारी आणून बसवली जातात. महाराष्ट्रानं १९९९मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला, पण तो छळ झाल्यावर जागा होतो. बाकांची मांडणी त्याच्या कक्षेत येत नाही. त्या मांडणीला हात घातला तो सर्वोच्च न्यायालयानं. विशाखापट्टणममधल्या एका वैद्यकीय प्रवेशेच्छू विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या खटल्यात जुलै २०२५मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, शैक्षणिक संस्थांनी आणि विशेषतः कोचिंग क्लासेसनी गुणवत्तेवरून विद्यार्थ्यांच्या वेगळ्या बॅचेस पाडू नयेत, असं स्पष्ट म्हटलं आहे. त्या वाक्यात एक शब्द आणखी आहे : शक्यतो.